पत्ता रेडिंगचा, कचरा वोकिंगहॅमचा

सदाफुली

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इंग्लंडमधल्या रेडिंग शहरात, स्टेशनजवळ भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढली, आता घर घ्यायचं चाललंय आणि दोन घरांवर गाडी अडलीय. एक लोअर अर्ली या उपनगरातलं, ऐंशीच्या दशकातलं, तीन बेडरूमचं, स्वयंपाकघर जुनाट. दुसरं जवळपास त्याच भावात शिनफील्डच्या नव्या वसाहतीत, कोरं करकरीत. नवऱ्याचं मत नव्या घराला. "दहा वर्षं छपराकडे बघायला नको" हे त्याचं एकच पालुपद. माझं मन लोअर अर्लीकडे ओढ घेतंय, पण का ते विचारलं की मला धड सांगता येत नाही.

घरात आम्ही दोघं, साडेतीन वर्षांची लेक, आणि वर्षातले पाच-सहा महिने सासूबाई. मी गाडी चालवत नाही. पुण्यात लक्ष्मी रोडला दिवाळीत स्कूटर घातलेली बाई मी, पण इथल्या परीक्षेत राउंडअबाउटने दोनदा घात केला. नवरा आठवड्यातून दोन दिवस लंडनला जातो, पॅडिंग्टनजवळ.

किमती, व्याजदर यावर कृपया नको, ते गणित झालंय. रोजचं सांगा. बस, डॉक्टर, शाळा, भाजी. आणि सासूबाईंना आमच्याशिवाय घराबाहेर पडता येईल का?

डबलडेकर

बस म्हणालात म्हणजे मला हाक मारल्यासारखंच आहे.

लोअर अर्लीची बस म्हणजे २१ नंबर. गर्द लाल रंगाची. स्टेशनवरून निघते, विद्यापीठाच्या व्हाइटनाइट्स कॅम्पसमधून आस्डा सुपरमार्केटकडे येते. विद्यार्थ्यांच्या कृपेने ती रात्रीसुद्धा धावते. इंग्लंडमध्ये किती उपनगरांत मध्यरात्रीनंतर बस मिळते ते विचारून बघा. शिनफील्ड, आर्बरफील्डकडे 'लेपर्ड' बस जातात. रेडिंगमध्ये बसमार्गांना रंग आणि नावं आहेत, त्यामुळे वाचता न येणारं मूलही "आपली लाल आली" म्हणून सांगतं. माझी मुलगी रंग असेच शिकली.

आणि ही कंपनी रेडिंग नगरपालिकेच्या मालकीची आहे. १९८५ च्या कायद्याने लंडनबाहेरची बससेवा खुली झाली, तेव्हापासून बहुतेक गावांनी आपापल्या बस विकून टाकल्या. रेडिंगने ठेवल्या. आपल्याला पीएमटी-बेस्टमुळे यात काही विशेष वाटत नाही, पण इथे हे दुर्मीळ आहे.

भाडं: इंग्लंडमध्ये एका वेळचं तिकीट जास्तीत जास्त ३ पौंड (२०२४ अखेरपर्यंत २ होतं). सासूबाईंना ज्येष्ठांचा फुकट पास मिळणार नाही, तो इथल्या रहिवाशांना.

नवरोबांसाठी: रेडिंगहून पॅडिंग्टनला फास्ट गाडीने साधारण २५ मिनिटं. एलिझाबेथ लाईनने तासभर, कारण ती वाटेतल्या जवळपास प्रत्येक खांबाला राम राम करत जाते. थोडक्यात फास्ट लोकल आणि स्लो लोकल. स्लोचा एक फायदा मात्र आहे: न बदलता थेट साउथॉल, लंडनमधला आपला देशी बाजार. चक्क पिशव्या घेऊन बसा. आणि लंडनचं ऑयस्टर प्रवासकार्ड रेडिंगकडे येताना वेस्ट ड्रेटन स्टेशनच्या पुढे चालत नाही, बँकेचं कार्डच टेकवायचं. हे मी पाहुण्यांना दर वेळी सांगतो आणि दर वेळी कोणीतरी ऑयस्टर टेकवतंच.

खमंग

मेथी, गवार, तोंडली, सगळं रेडिंगमध्येच मिळतं हो. ऑक्सफर्ड रोड आणि वोकिंगहॅम रोड पालथे घाला. साउथॉलला जायचं ते जिलबीसाठी.

संत्रानगरी

मी शिनफील्डच्या नव्या वसाहतीत चार वर्षांपासून आहे. नागपूरचा आहे म्हणून स्पष्टच सांगून राहिलो.

घर झकास. हिवाळ्यात हीटर नुसता दाखवला तरी घर गरम होतं. जुन्या घरवाल्यांची गॅसची बिलं ऐकून आम्ही मनातल्या मनात हसतो. आमच्या गल्लीत निम्मे लोक आपल्याकडचे. दिवाळीत रांगोळी घालायला बायकांनी दारं वाटून घेतली होती. पोरं रस्त्यावर सायकल चालवतात, कारण तो रस्ता कुठंच जात नाही. प्राथमिक शाळा २०२० मध्ये नवीन उघडली, आल्डर ग्रोव्ह. स्कूल ग्रीनला मोठं सभागृह झालं. लोक म्हणतात नव्या वसाहतीत समाज नसतो, तर ते साफ चूक आहे. सगळे एकदमच नवखे असले की कोणी कोणाला परकं वाटत नाही.

आता दुसरी बाजू. आम्ही राहायला आलो तेव्हा नकाशात दुकान होतं. नकाशातच होतं. दूध संपलं की गाडी काढा. दोन माणसं, दोन गाड्या. बायको गाडी चालवते म्हणून आमचं निभावतं. आणि वसाहतीतले रस्ते, बाग, पावसाच्या पाण्याचा तलाव यांच्या देखभालीचे पैसे वेगळे. कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरपट्टी, पूर्ण भरायचा, वर एका कंपनीला वर्षाला ही वर्गणी. गवत कधी कापणार म्हणून मी तीन मेल टाकले. चौथ्याचं उत्तर आलं, "आपला संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." तोवर गवत माझ्या पोराच्या कमरेला लागलं होतं.

टीपकागद

संत्रानगरींनी दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं, म्हणून थोडं लिहितो. रुक्ष आहे, पण घर घेण्याआधी वाचाच.

पहिली गोष्ट पत्त्याची. अर्ली काय, शिनफील्ड काय, टपालाच्या पत्त्यात शेवटी 'रेडिंग' येतं. पण दोन्ही ठिकाणं मोडतात वोकिंगहॅम बरोमध्ये, म्हणजे शेजारच्या वेगळ्या कौन्सिलच्या हद्दीत. कचरा, शाळाप्रवेश, रस्ते, कौन्सिल टॅक्स सगळं वोकिंगहॅमकडे. त्याखाली अर्लीला टाउन कौन्सिल आणि शिनफील्डला पॅरिश कौन्सिल. ग्रामपंचायतच समजा. मैदान, सभागृह, बाकडी असली कामं त्यांच्याकडे.

दुसरी गोष्ट, घरं आधी आणि सोयी मागून का येतात. घरं बांधायची परवानगी देताना कौन्सिल बिल्डरशी करार करते, त्याला कायद्याच्या कलमावरून सगळे 'सेक्शन १०६' म्हणतात. शाळा, रस्ता, बससाठी पैसे, काय काय आणि कधी द्यायचं ते त्यात असतं. ग्यानबाची मेख त्या 'कधी'मध्ये आहे. अमुक इतकी घरं भरल्यावर अमुक हप्ता, असं लिहिलेलं असतं. म्हणजे पहिली येणारी कुटुंबं चिखलातून चालणार, आणि त्यांची संख्या पुरेशी झाली की मग सोय येणार. याशिवाय सीआयएल नावाची चौरस मीटरवर आकारली जाणारी पट्टी असते. त्यातले १५ टक्के स्थानिक पॅरिश किंवा टाउन कौन्सिलला जातात, आणि गावाने स्वतःचा नेबरहूड प्लॅन (विकास आराखडा) मंजूर करून घेतला असेल तर २५ टक्के.

दवाखान्याचं त्याहून अवघड. जागा किंवा इमारत करारातून मिळू शकते, पण डॉक्टर करारातून मिळत नाहीत. ते एनएचएसचं, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचं खातं.

तिसरी गोष्ट सदाफुलीताईंसाठी. शिनफील्डचं घर घ्याल तर वकिलाला दोनच प्रश्न विचारा: रस्ते कौन्सिल ताब्यात घेणार आहे का, आणि देखभालीची वर्गणी वाढायला काही मर्यादा लिहिली आहे का. उत्तर लेखी घ्या. विक्री कार्यालयातल्या मुलीचं "हो हो, होऊन जाईल" हे उत्तर नव्हे.

उंदीरमामा

टीपकागद, तुम्ही लग्नपत्रिकासुद्धा कलमांत छापली असेल.

टीपकागद

परिशिष्ट अ मध्ये मेनू होता.

लोडनकाठ

मी लोअर अर्लीत एकवीस वर्षं आहे. दोन्ही मुलं इथेच वाढली आणि उडाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संत्रानगरी आज शिनफील्डबद्दल जे लिहितायत, अगदी तेच आमचे शेजारी लोअर अर्लीबद्दल सांगायचे. ते इथले पहिल्या फळीतले, आता नव्वदीकडे झुकलेत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इथली शेतं गेली आणि हजारो घरं उठली. त्यांच्या सांगण्यात सुरुवातीची वर्षं म्हणजे नुसता गारा आणि विटांचे ट्रक. आज त्याच ठिकाणी आस्डा आहे, वाचनालय आहे, पोहण्याचा तलाव असलेलं लोडन व्हॅली केंद्र आहे. झाडं घरांपेक्षा उंच झालीत. नवं उपनगर आणि जुनं उपनगर यात फरक एवढाच की एकाची झाडं अजून काठीला बांधलेली असतात.

पण एक फरक खरा आहे आणि तो नकाशात नीट दिसत नाही. लोअर अर्लीचे रस्ते शेवयांच्या गुंत्यासारखे आहेत. प्रत्येक 'क्लोज' म्हणजे बंद गल्ली. गाडीने समोरच्या घरी जायचं तर मैलभराचा वळसा. मात्र बांधणाऱ्यांनी एक शहाणपण केलं: गल्ल्यांच्या टोकांना पायवाटा ठेवल्या. दोन कुंपणांमधून जेमतेम एक प्रॅम जाईल अशा. गाडीवाल्याला वळसा आणि चालणाऱ्याला जवळची वाट. आमच्या दारातून आस्डा गाडीने सात मिनिटं, पायी आठ. नवीन वसाहती बघायला जाल तेव्हा हेच तपासा. तुमच्या गल्लीच्या टोकाला वाट आहे की कुंपण?

पायी दहा-पंधरा मिनिटांवर मेडन अर्लीचं तळं आहे. बदकं, हंस, बाकडी. सकाळी अकराच्या सुमारास तिथे जा. निम्म्या बाकड्यांवर आपल्याकडच्या आज्या, स्वेटरवर शाल आणि पायांत पांढरे स्पोर्ट्स शूज. गुजराती, तेलुगू, मराठी, पंजाबी. एकमेकींची भाषा येत नाही, पण सुनांबद्दल काय बोलणं चाललंय ते सगळ्यांना समजतं.

आता तक्रारी. एम-फोर मोटरवे लोअर अर्ली आणि शिनफील्डच्या मधून जातो. दक्षिणेच्या टोकाला घर असेल तर खिडकी उघडून दोन मिनिटं गप्प उभे राहा. घर दाखवणारा एजंट तेवढ्यात बोलायला लागतो, त्याला थांबवा. छपराची काळजी तुमच्या यजमानांना वाटते ती खरी आहे, सर्वेक्षण चांगल्या माणसाकडून करून घ्या. अर्ली स्टेशनवरून थेट वॉटर्लूला गाडी आहे, पण सव्वा तास लागतो. पॅडिंग्टनला जाणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

आणि पुढचं. शिनफील्ड, आर्बरफील्ड, सिंडलशमच्या मधल्या विद्यापीठाच्या जमिनीवर लोडन व्हॅली गार्डन व्हिलेज नावाने सुमारे ३९०० घरांचा आराखडा आहे. म्हणजे आज ज्या खिडकीतून तुम्हाला शेत दिसतंय, त्या खिडकीचे पैसे शेताच्या भावाने देऊ नका.

भाजणी

लोडनकाठ, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावते.

मी शाळा आणि डॉक्टरवर. सदाफुली, मुलगी साडेतीनची म्हणजे अर्ज जवळ आलाय बघ. चार पूर्ण झाल्यावर येणाऱ्या सप्टेंबरात रिसेप्शन, म्हणजे शाळेचा पहिला वर्ग. प्राथमिकचा अर्ज १५ जानेवारीपर्यंत, निकाल १६ एप्रिलला. माध्यमिकचा ३१ ऑक्टोबर आणि १ मार्च. अर्ज जिथे राहतेस त्या कौन्सिलकडे, शाळा पलीकडच्या हद्दीत असली तरी. शाळेचं क्षेत्र पत्त्यावर चालतं, म्हणून घर पक्कं करण्याआधी नेमक्या दाराचा नंबर घालून बघ. आमच्या गल्लीच्या दोन बाजू दोन वेगळ्या शाळांना जातात. पुढे मुलांसाठी रेडिंग स्कूल, मुलींसाठी केंड्रिक, या दोन ग्रामर शाळांच्या परीक्षेचा ज्वर चौथीपासून अंगात येतो. आपली माणसं त्यात आघाडीवर. पण ते आत्ताच नको, लेक साडेतीनची आहे, खेळू दे.

डॉक्टर. आमच्या सर्जरीत (इथे दवाखान्याला सर्जरी म्हणतात) सकाळी आठला फोन लावायचा, मी रांगेत चौतिसावी. पोळ्या लाटत स्पीकरवर ते बासरीचं संगीत. पंधरा पोळ्या झाल्या तेव्हा माझा नंबर लागला आणि कळलं की आजच्या वेळा संपल्या. पण दोन गोष्टी शिकले. एक, ऑनलाइन फॉर्म आदल्या रात्री लिहून ठेवायचा आणि तो उघडला की चिकटवायचा. दोन, जानेवारी २०२४ च्या शेवटापासून इंग्लंडात फार्मसीवाला सात दुखण्यांवर डॉक्टरशिवाय औषध देऊ शकतो: घसा, सायनस, मुलांचा कान, चिघळलेला किड्याचा चावा, इम्पेटिगो (त्वचेचा संसर्ग), नागीण आणि बायकांचा लघवीचा संसर्ग. लेकीचा कान असाच शनिवारी निभावला. फार्मसी पायी जाण्यासारखी आहे का, हे डॉक्टरच्या आधी बघ.

सासूबाईंचा प्रवासी विमा मात्र भारतातून घेऊनच आणा, जुन्या दुखण्यांसकट. अपघात विभागात तपासणीचे पैसे पाहुण्यांनाही पडत नाहीत, पण दाखल करून घेतलं की बिल सुरू.

गंगापूररोड

मी धागाकर्तीच्या सासूबाईंच्या पक्षातला, म्हणून चार ओळी. वय ६९, नाशिक. मुलगा अर्लीत असतो. यंदाची तिसरी फेरी.

पहिल्या फेरीला तो नव्या वसाहतीत भाड्याने होता. घर उत्तम. सून फार चांगली, डबा भरून ठेवून जायची. साडेआठला घर रिकामं व्हायचं आणि मी खिडकीत. दिवसभरात रस्त्यावरून टपालवाला, दोन कुत्री आणि त्यांना फिरवणारी माणसं जायची. डिसेंबर होता, चार वाजायच्या आत सूर्य मावळायचा. मी दुपारी तीनला देवापाशी दिवा लावायला लागलो होतो. मुलाला म्हणालो, तुझं घर म्हणजे मोत्याचा शिंपला आहे रे, पण मला उघडता येत नाही.

यंदा लोअर अर्ली. साडेदहाची बस, वाचनालय, तिथे वर्तमानपत्र. परत येताना एक कोथिंबीर. उतरताना सगळे ड्रायव्हरला "थँक्यू" म्हणतात, मीही म्हणतो. तिसऱ्या आठवड्यात एका ड्रायव्हरने मला लांबून येताना बघून बस थांबवून धरली. मुलगा म्हणतो, बाबा तुम्ही बारीक झालात. चालून झालोय.

सदाफुली

काका, तुमची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली. तो काही बोलला नाही. छपराबद्दलही नाही.

संत्रानगरी

काका, तुमचं पटलं. पण एक सांगतो, आमच्या वसाहतीत आता बाकडं आलं. फुकट नाही आलं. आम्ही अकरा घरांनी मिळून पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत जाऊन मागितलं. बैठक म्हणजे आठ माणसं, एक बिस्किटांची बशी आणि प्रेक्षकांत आम्ही. त्यांनाच आश्चर्य वाटलं की कोणीतरी आलं.

टीपकागद

यावर एक भर. आपल्यातल्या अनेकांना माहीतच नाही की भारतीय पासपोर्टवर, वैध व्हिसा असेल तर, इथे मतदान करता येतं. राष्ट्रकुलाच्या नागरिकांना तो हक्क आहे, कौन्सिलच्या निवडणुकीतच नव्हे तर संसदेच्याही. नाव मात्र आपण होऊन नोंदवावं लागतं. केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं, भारतीय पासपोर्ट चालतो. आमच्या ऑफिसातले सहा वर्षं इथे राहिलेले गृहस्थ बसथांब्याला शेड नाही म्हणून रोज कुरकुरतात, आणि नोंदणीचं पत्र जाहिरात समजून रिसायकलिंगमध्ये टाकतात.

उंदीरमामा

मुख्य विषय राहिलाच. गणपती!

दीड दिवस घरी, शाडूचा, बादलीत विसर्जन, ती माती गुलाबांना. सार्वजनिक करायचा तर सभागृह फेब्रुवारीतच अडवा. सप्टेंबरचे शनिवार वाढदिवसवाले आणि झुंबावाले आधीच घेऊन ठेवतात. आरतीच्या कापराने धुराची घंटा वाजते, ते आधी व्यवस्थापकाशी बोला. आमची 'घालीन लोटांगण'ला वाजली, आणि टाळ्या वाजवत सगळे तसेच रांगेने गाड्यांच्या तळावर गेले. पावसात. बाप्पा एकटाच आत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, त्यांनी या घंटेचं काय केलं ते कोणी विचारून सांगा.

डबलडेकर

अवांतर: हीथ्रोला पाहुणे सोडायला गाडी नको असेल तर रेडिंग स्टेशनवरून रेलएअरची बस आहे. एलिझाबेथने जायचं तर हेज अँड हार्लिंग्टनला बदला. चार बॅगा आणि सासूबाई असतील तर बसच.

सदाफुली (सात आठवड्यांनी)

धागा वर काढतेय. इथल्या सगळ्यांना सांगायचं होतं.

तुमचं वाचून आम्ही एक प्रयोग केला. मंगळवारी नवरा रजेवर, तरी गाडी बंद. सासूबाईंच्या हातात पिशवी दिली, "दूध आणि कोथिंबीर घेऊन या" म्हटलं, आणि दोन्ही घरांच्या दारातून निघायचं ठरवलं. मी वीस पावलं मागे.

शिनफील्डला पहिली पाच मिनिटं छान गेली. रुंद फुटपाथ, सगळं नवं. मग फुटपाथ संपला आणि बांधकामाचं पिवळं कुंपण लागलं. आई तिथे थांबल्या, मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि पिशवीची घडी घातली. एवढंच. संत्रानगरी, तुमच्या वसाहतीत असं नसेल, ही वेगळी होती, आणि दोन वर्षांत तिथेही वाट होईलच. पण आईंचं वय थांबणार आहे का?

लोअर अर्लीला त्या क्लोजच्या टोकाच्या वाटेतून गेल्या, कुंपणावरच्या मांजरीशी मराठीत बोलल्या, आस्डात कोथिंबिरीचा भाव बघून "अगं बाई" म्हणाल्या तरी घेतलीच. येताना मी मुद्दाम अंतर वाढवलं. सगळे क्लोज सारखेच, तशा त्या चुकल्या. मी धावणार तेवढ्यात एका आजोबांनी बागेची कात्री ठेवली आणि त्यांना वाटेच्या तोंडापर्यंत आणून सोडलं. भाषेचा काय प्रकार झाला माहीत नाही, पण कोथिंबिरीच्या चार काड्या त्यांच्या हातात होत्या.

लोअर अर्लीचं घर घेतलं. छपराचा अहवाल आला, दोन कौलं आणि एक पन्हळ बदलायची आहे. नवरा आता तेवढंच पालुपद घेऊन बसलाय, चालायचंच. गाडीची तिसरी परीक्षा पुढच्या महिन्यात.

आता तातडीचा प्रश्न. रात्री रेडिंग नगरपालिकेच्या साइटवर कचऱ्याचा वार शोधत बसले होते, आमचा पत्ताच सापडेना, मग टीपकागद आठवले. वोकिंगहॅमच्या साइटवर दिसतंय की ऑगस्ट २०२४ पासून एका आठवड्याला कचऱ्याची पेटी आणि एका आठवड्याला रिसायकलिंगच्या पिशव्या, उरलंसुरलं अन्न दर आठवड्याला. आधीचे मालक वेळापत्रकाचा कागद घेऊन गेलेले दिसतात. उद्या सकाळी काय बाहेर ठेवायचं?

लोडनकाठ

अभिनंदन! आणि कागद नको. रात्री नऊला पडदा सारून बघा, गल्लीतलं सगळ्यात म्हातारं माणूस काय बाहेर ठेवतंय.

सदाफुली

कात्रीवाल्या आजोबांनी पेटी ठेवलीय. आमचीही ठेवली.

भाजणी

अगं, झाकण पूर्ण बंद होतंय ना बघ.